नर्सरीतून सक्युलंट आणि एअर प्लांट घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीत सक्युलंटच्या टेबलापाशी उभं राहिलं की नजर वरूनच फिरते. रंग, आकार, पानांची नक्षी आवडली की कुंडी पिशवीत जाते. पण झाड पुढे जगणार की नाही, याची बहुतेक माहिती खालच्या भागात असते: बुंधा, माती, कुंडीचं भोक. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत कुंडी उचला, उलटी करा, हलवून बघा असं पुन्हा पुन्हा येईल. चांगल्या नर्सरीवाल्याला त्याचा राग येत नाही. आलाच, तर तेही काहीतरी सांगून जातं.

सक्युलंट, कॅक्टस आणि एअर प्लांट यांत फरक काय?

सक्युलंट हे एखाद्या कुळाचं नाव नाही. पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवणाऱ्या झाडांना सोयीसाठी दिलेलं ते नाव आहे. इचेव्हेरिया, जेड आणि पानफुटी एका कुळातल्या, कोरफड आणि हॅवर्थिया दुसऱ्या, घायपात तिसऱ्याच. कॅक्टस हेही सक्युलंटच, पण त्यांचं कूळ स्वतंत्र. ओळखायची खूण म्हणजे काटे जिथून फुटतात तिथली बारीक लवदार गादी, जिला अरिओल म्हणतात. युफोर्बिया कॅक्टससारखाच काटेरी दिसतो, पण त्याला ही गादी नसते आणि जरा खरचटलं की पांढरा चीक गळतो. हा चीक डोळ्यांना फार वाईट, त्यामुळे फरक माहीत असलेला बरा.

एअर प्लांट म्हणजे टिलँड्सिया, अननसाच्या कुळातली. हिच्या साडेसहाशेहून अधिक जाती अमेरिका खंडांत सापडतात. बहुतेक जाती झाडाच्या फांदीवर किंवा खडकावर राहतात. मुळं फक्त धरून ठेवायला. पाणी आणि अन्नद्रव्यं पानांवरचे सूक्ष्म खवले शोषून घेतात.

दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. अनेक सक्युलंट आणि बहुतेक एअर प्लांट आपली रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं, रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरतात. त्यामुळे कडक उन्हात पाणी कमी उडतं. पाणी कधी द्यायचं याचं गणितही यातूनच येतं. ते पुढे बघू.

नर्सरीत जायच्या आधी घरी काय बघून ठेवावं?

ऊन. बाकी सगळं नंतर. जिथे झाड ठेवणार तिथे सूर्यप्रकाश थेट पडतो का, किती वाजता येतो आणि कधी जातो, हे एक दिवस लक्ष देऊन बघा. आपल्या डोळ्यांना खोली भरपूर उजेडाची वाटते, पण डोळे अंधाराशी पटकन जुळवून घेतात आणि झाडाला ते जमत नाही. खिडकीपासून चार-पाच पावलं आत गेलं की उजेड बराच घटलेला असतो.

नर्सरीत मात्र झाड काचेच्या किंवा जाळीच्या छपराखाली, चारही बाजूंनी उजेडात वाढलेलं असतं. तिथून आणून ते कपाटावर ठेवलं की महिन्याभरात मान लांबवायला लागतं. पानांमधली अंतरं वाढतात, रंग फिकट होतो. हे लांबलेलं खोड नंतर कितीही ऊन दिलं तरी आखडत नाही. शेंडा कापून पुन्हा लावणं एवढाच उपाय उरतो.

आमच्याकडे थेट ऊन येतच नाही. मग काय घ्यावं?

हॅवर्थिया, गॅस्टेरिया आणि स्नेक प्लांट. निसर्गात हॅवर्थिया आणि गॅस्टेरिया बहुधा झुडपांच्या आडोशाला वाढतात, त्यामुळे खिडकीजवळचा उजेड त्यांना पुरतो. इचेव्हेरिया, सेडम आणि बहुतेक कॅक्टस यांचा मोह टाळा, कितीही गोड दिसले तरी. अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र हॅवर्थिया, गॅस्टेरिया आणि स्नेक प्लांटही फक्त तग धरतात, वाढत नाहीत.

रोप निरोगी आहे हे कसं ओळखायचं?

आधी कुंडी उचला. वजनावरून माती ओली की कोरडी ते कळतं. मग एखादं बाहेरचं पान हलकेच दाबा. पान टणक असेल तर ठीक. पान मऊ आणि माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे. पाणी मिळालं की बहुधा दोन-चार दिवसांत सावरतं. पान मऊ आणि माती ओली, हे मात्र वाईट लक्षण. पाणी आहे पण झाडाला ते पिता येत नाही, म्हणजे मुळं कुजलेली असण्याची शक्यता मोठी. पिवळट, पारदर्शक, हात लागताच गळणारी पानंही तेच सांगतात. अशा झाडावर सूट मिळत असली तरी ते परत टेबलावर ठेवून द्या.

दुसरी परीक्षा, बुंध्याशी धरून झाड किंचित हलवा. मुळं धरलेली असतील तर कुंडीसकट हलेल. झाड सुटं डुगडुगत असेल तर एकतर काल-परवा खोचलेली फांदी आहे, नाहीतर मुळं गेलेली आहेत. नुकती खोचलेली फांदी घेणं चूक नाही, पण मग ती भरलेल्या झाडाच्या भावात घेऊ नका.

तिसरं, पानांच्या बेचक्यांत डोकवा. कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सक्युलंटचा हा सगळ्यात चिवट शत्रू. कुंडीवर मुंग्यांची ये-जा दिसली तर जास्त बारकाईने बघा. पिठ्या ढेकूण आणि मावा गोड चिकटा सोडतात, आणि मुंग्या त्यासाठीच येतात. मग कुंडी उलटी करून खालचं भोक बघा. तिथे किंवा कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी चिकटलेली असेल तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण असू शकतो. वरून झाड अगदी देखणं असतानाही हा खाली बसलेला असतो. शेवटी झाडाचा मधला कोंब. बाहेरची चार पानं फाटलेली, डागाळलेली असली तरी नवी येतात; मधला कोंब काळा किंवा सडका असेल तर पुढची वाढच तिथून होणार नाही.

एका पांढऱ्या गोष्टीला मात्र घाबरू नका. जेडच्या पानांवर रांगेत बारीक पांढरे ठिपके दिसतात. पानावरच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, ते वाळलं की त्यातले क्षार मागे राहतात. ठिपके सपाट असतात आणि ओल्या फडक्याने पुसले जातात.

खालची पानं वाळलेली असली तर?

वाळून कागदासारखी झालेली खालची दोन-चार पानं हे वयाचं लक्षण आहे, रोगाचं नव्हे. ती काढून टाकली की झालं, नाहीतर त्यांच्या आड कीड लपते. वरची पानं वाळत असतील तर गोष्ट वेगळी.

पानांवर पांढरी पावडर आहे. पुसू का?

नको. इचेव्हेरियासारख्या झाडांवर तो मेणाचा नैसर्गिक थर असतो. तो प्रखर उन्हापासून वाचवतो आणि पाणी ओघळून टाकतो. एकदा बोट लागलं की त्या पानावर ठसा राहतो, थर परत येत नाही. नव्या पानांवरच तो दिसतो. म्हणूनच झाड पानाला धरून न उचलता कुंडीला धरून उचलावं. टेबलावरच्या झाडांवर ठशांची गर्दी असेल तर मागच्या रांगेतलं बघा.

लाल, जांभळी पानं घरी तशीच राहतील का?

बहुतेक नाही. भरपूर ऊन, थंड रात्री आणि कमी पाणी अशा ताणात अनेक सक्युलंट पानांत लालसर रंगद्रव्य तयार करतात. घरात आणलं, सावली आणि नियमित पाणी मिळालं की तेच झाड हिरवं होतं. झाडाला काही झालेलं नसतं, उलट ते आरामात असतं. ज्याला लालीच हवी त्याने उन्हाची जागा आधी शोधावी. इचेव्हेरियाचे काही प्रकार मुळातच गर्द जांभळे असतात. त्यांचा रंग सावलीत थोडा मळतो, पण जात नाही.

निळ्या, चकचकीत गुलाबी रंगाचे कॅक्टस आणि फुलं लावलेले कॅक्टस?

चकचकीत रंग म्हणजे बहुधा फवारलेला रंग. त्याखाली झाडाला उजेड नीट मिळत नाही. नवी वाढ हिरवी येते आणि झाड ठिगळ लावल्यासारखं दिसतं. कॅक्टसच्या डोक्यावरचं कोरडं, कागदी फूल महिनोन् महिने तसंच दिसत असेल तर ते गरम गोंदाने चिकटवलेलं वाळकं फूल आहे. फुलाच्या बुडाशी नखाने चाचपून बघा, गोंदाचा थेंब लागतो. माझ्या मते ही फसवणूकच आहे, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो.

लाल किंवा पिवळ्या गोळ्याचा मून कॅक्टस मात्र रंगवलेला नसतो. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणून त्याचं कलम खालच्या हिरव्या कॅक्टसवर केलेलं असतं आणि तो सगळं अन्न त्याच्याकडून घेतो. ही जोडी सहसा काही वर्षंच टिकते. ते माहीत असून घेतलात तर हरकत नाही. कलमाचा सांधा घट्ट आणि सरळ आहे ना, एवढं बघा.

चिठ्ठीवर नुसतं ‘सक्युलंट’ लिहिलंय. नाव कळणं गरजेचं आहे का?

गरजेचं आहे, कारण पाणी आणि ऊन नावावर ठरतं. निदान वंश तरी विचारा: इचेव्हेरिया, क्रॅस्युला की युफोर्बिया? चिठ्ठी असली तरी ती बरोबर असेलच असं नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या हॅवर्थियावर ‘फॅसिएटा’ लिहिलेलं असतं, पण ती बहुधा ‘अटेन्युएटा’ असते. पानाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा: गुळगुळीत असेल तर फॅसिएटा, खरखरीत फोड लागले तर अटेन्युएटा. दोघींची निगा सारखीच, त्यामुळे ही चूक निरुपद्रवी. ‘छोटं जेड’ म्हणून मिळणारं पोर्ट्युलकारिया हे मात्र जेडच्या कुळातलंही नाही.

काही एवढुशी रोपं इतकी महाग का असतात?

सावकाश वाढ, पांढरे-पिवळे पट्टे, किंवा नवेपणा. पट्टेरी पानांत हरितद्रव्य कमी, त्यामुळे वाढ मंद आणि रोपं कमी. पण पट्टे कायम राहतीलच असं नाही. कधीकधी पूर्ण हिरवा फुटवा येतो आणि तोच जोरात वाढतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अशा झाडापासून लांब राहावं. त्यापेक्षा एकाच कुंडीत चार पिल्लं दाटीवाटीने बसली असतील तर ती घ्या. घरी वेगळी करता येतात.

लिथॉप्स, म्हणजे दगडासारखं दिसणारं झाड, घ्यावं का?

पाणी घालण्याचा हात आवरता येत असेल तरच. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या भागातलं हे झाड. दरवर्षी जुनी पानांची जोडी सुकते आणि मधून नवी जोडी वर येते. नवी जोडी जुनीतलंच पाणी पिऊन वाढते. त्या काळात वरून पाणी घातलं तर जुनी पानं सुकत नाहीत आणि झाड बिघडतं. नर्सरीत एकाच झाडावर एकावर एक दोन जोड्या टुमटुमीत दिसल्या तर त्याला जास्त पाणी मिळालेलं आहे असं समजा. निळ्या-जांभळ्या लिथॉप्सच्या बियांच्या जाहिराती दिसतात, त्यांच्याकडे वळूनही बघू नका.

एअर प्लांट निवडताना काय बघायचं?

हातात घ्या, माती नाहीच, त्यामुळे सगळं झाड समोर असतं. आकाराच्या मानाने वजनदार लागलं तर आत पाणी आहे. पिसासारखं हलकं आणि पानांच्या कडा आत वळून पन्हळीसारख्या झालेल्या असतील तर तहानलेलं आहे. थोडी तहान भरून निघते. बुंधा दाबून बघा: टणक हवा. काळा, ओलसर, मऊ बुंधा म्हणजे कूज, आणि ती भरून निघत नाही. मधलं पान अगदी हलकेच ओढा. ते सुटून हातात आलं तर झाड आतून गेलेलं आहे, बाहेरची पानं अजून हिरवी असली तरी. काही जातींचा बुंधा मुळातच तपकिरी असतो. कोरडा आणि टणक असेल तर चिंता नाही. पानांची टोकं वाळलेली असली तर कात्रीने तिरकी कापता येतात.

मग रंग बघा. पानं जितकी चंदेरी, लवदार, तितके खवले दाट. अशा जाती कोरड्या हवेच्या आणि जास्त उजेडाच्या. ‘टेक्टोरम’ तर बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसते. तिला बुडवण्यापेक्षा फवारणं बरं. हिरव्या, गुळगुळीत पानांच्या जातींना ओल जास्त लागते, ऊन कमी. ‘बल्बोसा’ आणि ‘कॅपुट-मेडुसी’ यांचा बुंधा कांद्यासारखा फुगीर आणि आतून पोकळ असतो. त्यात पाणी साचलं की सडतो. पहिलंच एअर प्लांट घेत असाल तर ‘आयोनांथा’ घ्या. लहान आहे, सोशीक आहे आणि पिल्लं भरपूर देतं.

फुललेलं एअर प्लांट घ्यावं का?

दिसायला ते सर्वात सुंदर असतं, पण टिलँड्सियाचं एक खोड आयुष्यात एकदाच फुलतं. फूल गेल्यावर बुंध्याशी पिल्लं येतात आणि मूळ झाड हळूहळू संपतं. त्याला कधी वर्ष, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मी फुलायच्या बेतात असलेलं घेते: आयोनांथाची मधली पानं लाल व्हायला लागली की जांभळी फुलं जवळ आली. मोहोर घरी बघायला मिळतो. पिल्लं आईच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी झाल्याशिवाय वेगळी करू नका. वेगळी नाही केली तरी चालतं, हळूहळू गुच्छ होतो.

काचेच्या गोळ्यात किंवा शिंपल्यावर चिकटवलेलं मिळतं, ते कसं?

काचेचा गोळा एका बाजूने चांगला मोठा उघडा असेल तर चालेल, पण पाणी देताना झाड बाहेर काढायचं आणि वाळल्यावरच परत ठेवायचं. बंद बरणीत हवा खेळत नाही आणि झाड कुजतं. चिकटवलेलं झाड मी घेत नाही. गोंद बुंध्यावर नक्की कुठवर पोचलाय ते दिसत नाही आणि झाड भिजवणंही अवघड होतं. तांब्याच्या तारेत गुंडाळलेलं तर अजिबात नको, तांबं या कुळाला विषारी आहे.

त्याला पाणी कसं द्यायचं? नर्सरीवाला म्हणाला, हवेवरच जगतं.

त्या एका वाक्याने किती झाडं वाळली असतील! हवेत राहतं, पण पाणी लागतंच. बहुतेक जातींना आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, हवा कोरडी असेल तर दोनदा. मग उलटं धरून झटका आणि पंख्याखाली किंवा वाऱ्यावर ठेवा. तीन-चार तासांत पानांच्या बेचक्यासकट वाळायला हवं. हे सकाळी करा. रात्री रंध्रं उघडतात. तेव्हा पानांवर पाण्याचा थर असला तर झाडाला हवा घेता येत नाही. पावसाचं पाणी उत्तम. मीठ वापरून मृदू केलेलं पाणी टाळा.

सक्युलंटला किती दिवसांनी पाणी?

दिवस मोजू नका. बोट किंवा काडी मातीत तळापर्यंत घाला. पूर्ण कोरडी लागली तर भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या, आणि पुन्हा कोरडी होईपर्यंत विसरा. रोज चमचाभर पाणी देणं सगळ्यात वाईट: वरची माती ओली राहते, खालची मुळं तहानलेली. नर्सरीवाल्याला ‘पाणी किती?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘याला शेवटचं पाणी कधी दिलं, आणि हे उन्हात होतं की जाळीखाली?’ असं विचारा.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलायची का?

आधी वेगळं ठेवा. दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब. कीड असेल तर तेवढ्यात दिसते. थेट उन्हातही लगेच नको. जाळीखाली वाढलेलं झाड एका दुपारी भाजतं आणि तो डाग जात नाही. ऊन रोज थोडं थोडं वाढवा.

मातीचं नर्सरीच्या कुंडीवर अवलंबून आहे. अनेक रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. तिथे ते सोयीचं, घरी मात्र फार काळ ओलं राहतं, आणि एकदा कडक वाळलं तर पाणी पीतच नाही. अशा वेळी सावरलेलं झाड काढून, जुना लगदा झटकून, भरभरीत मिश्रणात लावा: साधारण निम्मी माती किंवा कोकोपीट, निम्मं पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे), प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडे) किंवा जाड वाळू. बारीक वाळू नको, ती दाटून बसते. पिशवीवर ‘कॅक्टस मिक्स’ लिहिलेलं असलं तरी मूठभर ओलं करून दाबून बघा; घट्ट गोळा झाला तर त्यात खडी वाढवा. लावल्यावर तीन-चार दिवस पाणी देऊ नका, तुटलेली मुळं आधी वाळू देत.

मातीवर खडे चिकटवलेले असतील तर ते काढून टाका. पाणी कुठे जातंय तेच कळत नाही.

भोक नसलेली सुंदर कुंडी आवडलीय.

घ्या, पण झाड भोकाच्या साध्या कुंडीत ठेवून ती आत बसवा. तळाशी खडे घातल्याने पाणी निघून जात नाही, ओल फक्त वर सरकते.

घरात मांजर आणि लहान मूल आहे.

हॅवर्थिया, इचेव्हेरिया आणि टिलँड्सिया मांजर-कुत्र्यांना विषारी नाहीत. कलांचो, जेड आणि कोरफड त्यांनी खाल्लं तर त्रास होतो. कलांचोमधली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. युफोर्बिया मुलांच्या हाताला लागेल तिथे ठेवूच नका. चीक लागला तर साबणाने लगेच धुवा, डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा.

रोप जंगलातून उपटून आणलेलं नाही ना, हे कसं कळणार?

हा प्रश्न कमी लोक विचारतात. दक्षिण आफ्रिकेतली कोनोफायटमसारखी चिमुकली झाडं गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर चोरून विकली गेली आहेत. एअर प्लांटमधली ‘झेरोग्राफिका’ तर वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. देशाबाहेर पाठवताना तिला परवाना लागतो. जंगलातलं झाड बहुधा ओबडधोबड असतं: जुने व्रण, वाकडी वाढ, छाटलेली जाड मुळं. नर्सरीत वाढवलेली रोपं एकसारखी आणि नितळ दिसतात. दुर्मिळ जात घेताना ती बियांपासून वाढवली की आईझाडाच्या पिल्लापासून, आणि कुणी, हे विचारा.

टेबलाखाली पडलेली पानं उचलली तर चालतात का? लावली तर झाड येतं म्हणे.

इचेव्हेरिया, ग्राप्टोपेटलम आणि सेडमच्या पानांपासून रोप येतं, हे खरं. पण पान बुडापासून अखंड सुटलेलं हवं. अर्धवट तुटलेल्या पानातून काही येत नाही. विचारून घ्या. काउंटरवर दोन झाडांचे पैसे देताना ‘ही पडलेली पानं नेऊ का?’ म्हटलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि कधी आणखी चार मिळतात. टेबलावरच्या झाडाचं पान ‘चुकून’ पाडणं मात्र चोरीच. घरी आणलेली पानं दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणावर नुसती टेकवून ठेवा. मुळं दिसायला लागल्यावर हलका फवारा सुरू करा, त्याआधी नको.